प्राध्यापक संघटनेची निवडणूक लढवताय? आधी या चुका टाळा

संघटनेची निवडणूक जाहीर झाली की महिनाभर फोन थांबत नाही. "सर, यंदा अध्यक्षपदाला उभा राहतोय, लक्ष असू द्या." संघटनेच्या कुठल्या सभेला भेटलो होतो हे विचारलं, तर पलीकडे शांतता. निवडणूक अधिकारी म्हणून टेबलामागे बसायचं काम माझ्याकडे वारंवार आलं, आणि छाननीच्या दिवशी दर वेळी तेच रडगाणं ऐकलं. पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून वर्षभर दम देणारी माणसं स्वतः अर्जामागच्या सूचना वाचत नाहीत. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

पहिल्याच फटक्यात अध्यक्षपद

नव्या माणसाला अध्यक्षच व्हायचं असतं, कारण लेटरहेडवर नाव वर येतं. पण संघटना चालवतात सरचिटणीस आणि खजिनदार. पत्रव्यवहार एकाच्या हातात, पैसा दुसऱ्याच्या. अध्यक्ष सभेत नारळ फोडतो. आधी कॉलेजचा युनिट प्रतिनिधी व्हा, मग जिल्ह्याच्या कार्यकारिणीत या, दोन-चार जणांची स्थाननिश्चितीची, म्हणजे बढतीची, प्रकरणं स्वतः हातात घेऊन शेवटाला न्या. 'सर, एवढा वेळ कोणाला आहे?' असं विचारणाऱ्याला माझं उत्तर ठरलेलं आहे: मग पद कशाला हवंय?

मतदार यादीत नाव आहे का, हे न बघता अर्ज भरणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि सगळ्यांत फालतूही.

तापीकाठच्या एका कॉलेजातले एक सर होते. माणूस खरंच लायक. दुसऱ्यांच्या वेतननिश्चितीच्या फायली स्वतःच्या खर्चानं जळगावला नेऊन मार्गी लावायचे. त्यांनी सरचिटणीसपदाला अर्ज भरला. छाननीला आले तेव्हा मागे दहा-बारा माणसं, एकाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. मी यादी काढली. नाव सापडेना. आमच्याकडे पाटलांचीच पानंच्या पानं असतात, म्हणून पुन्हा बोट फिरवून पाहिलं. तरी नाही. मग लक्षात आलं की त्या कॉलेजातल्या एकाचंही नाव यादीत नव्हतं.

सरांनी पाकिटातून वर्गणीची पावती काढली. पावती खरी होती, शिक्का संघटनेचा, तारीख मुदतीच्या आतली. तिथल्या तिथे युनिट प्रतिनिधीला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "सर, पैसे आहेत ना माझ्याकडे. दोघांचे राहिले होते, म्हटलं सगळ्यांचे एकदम भरू." त्या दोघांपैकी एक जण मेडिकल रजेवर, दुसरा 'पुढच्या पगाराला देतो' म्हणणारा. त्यांच्यासाठी सगळ्या कॉलेजची वर्गणी पावती पुस्तकाला रबर लावून कपाटात पडून राहिली आणि बँकेत गेली ती मुदत उलटल्यावर. संघटनेच्या घटनेत स्पष्ट लिहिलेलं: वर्गणी मुदतीत संघटनेच्या खात्यावर जमा हवी. पावतीची तारीख कोणी विचारत नाही. उमेदवार बाद. सूचक त्याच कॉलेजचा, तोही बाद. पेढ्यांचा बॉक्स तसाच परत गेला.

संध्याकाळी ग्रुपवर 'षड्यंत्र' आणि 'लोकशाहीचा खून' सुरू झालं. कच्ची यादी आठ दिवस हरकतींसाठी प्रत्येक युनिटला पीडीएफ करून पाठवली होती. त्या कॉलेजात ती एकानंही उघडली नव्हती. उघडली असती, तर कार्यकारिणीकडे विलंब माफ करा म्हणून विनंती करायला तरी वेळ मिळाला असता. छाननीच्या टेबलावर तो अधिकार माझ्याकडे नसतो, मी कितीही हळहळलो तरी.

माझी स्वतःची सवय सांगतो. वर्गणी मी कोणाच्या हातात देत नाही. थेट संघटनेच्या खात्यावर टाकतो, शेऱ्यात नाव आणि कॉलेज लिहितो आणि त्या महिन्याच्या बँक स्टेटमेंटचं पान छापून फायलीला लावतो. मोबाईलमधला स्क्रीनशॉट हवा तेव्हा सापडत नाही. कच्ची यादी आली की तीन नावं बघायची: आपलं, सूचकाचं, अनुमोदकाचं. नाव नसेल तर हरकत लेखी द्यायची, पावतीची प्रत जोडायची आणि पोच घ्यायची. 'मी फोनवर सांगितलं होतं' याला हरकत म्हणत नाहीत. अर्ज बाद झालाच तर आरडाओरडा न करता कारण लेखी मागा, आणि घटनेत अपिलाची जी मुदत दिली असेल तिच्या आत अपील करा. पहिला दिवस भांडणात घालवणारे दुसऱ्या दिवशी मुदत संपली म्हणून पुन्हा भांडतात.

नावसाधर्म्य हे आपल्याकडचं खास दुखणं. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे. त्यात आद्याक्षरंही जुळतात. मतपत्रिकेवर नावापुढे कॉलेज छापायची मागणी छपाईच्या आधी करा. मतमोजणीला 'ती मतं माझी होती' म्हणून उपयोग नाही.

सूचक-अनुमोदकांच्या सह्या घाईत घेणं

एकाच माणसानं एकाच पदासाठी दोघांना सूचक म्हणून सही दिलेली असते, कारण त्याला दोघांनाही नाही म्हणता आलं नाही. घटना वाचा, आणि एक जादा अर्ज वेगळ्या सूचकाच्या सहीनं भरून ठेवा.

जळगावात बसून खानदेश जिंकणं

1990 साली पुणे विद्यापीठापासून वेगळं होऊन आपलं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि कार्यालय जळगावला आलं. तेव्हापासून जळगावच्या उमेदवाराला वाटतं की शहरातली चार मोठी कॉलेजं फिरलं की झालं. धुळे जिल्हा 'एका दिवसात करू', आणि नंदुरबार 'तिथला माणूस बघून घेईल'. मग तिथला माणूस खरंच बघून घेतो.

त्यातही वेळेची अक्कल हवी. आपल्याकडची बरीच कॉलेजं सकाळची. जळगावहून नाश्ता करून आरामात दहाला निघालात, तर तळोद्याला पोहोचेपर्यंत स्टाफ रूमला कुलूप आणि शिपाई झाडू मारतोय. आदल्या रात्री नंदुरबारला मुक्काम करा. सकाळी पहिल्या दोन तासांत शहादा-तळोदा, दुसऱ्या दिवशी अक्कलकुवा आणि धडगाव. सातपुड्यातल्या कॉलेजात प्रचाराला आलेला उमेदवार लोक लक्षात ठेवतात, कारण तिथे फारसं कोणी जातच नाही. तिकडच्या एका ज्येष्ठ सरांनी एका उमेदवाराला चहा दिला, खुर्ची दिली आणि हसत हसत विचारलं, "तुमले आमनी याद मतदानलेच येस का, भाऊ?" उमेदवाराकडे उत्तर नव्हतं, पत्रकं होती.

संस्थेच्या गाडीतून प्रचार

यावर मला जरा जास्त बोलायचंय.

कॉलेज आलं की संस्था आली, आणि संस्था आली की संस्थाचालक आले. त्यांच्याशी सौजन्यानं वागायला माझी ना नाही. पण प्राध्यापकांच्या संघटनेचं पद संस्थाचालकांच्या आशीर्वादानं लढवणं म्हणजे निवडून यायच्या आधीच हात बांधून घेणं.

अध्यक्षपदाचे एक उमेदवार संस्थेची पांढरी गाडी घेऊन दौऱ्यावर निघाले. मागच्या काचेवर संस्थेचं नाव ठळक अक्षरांत. डिझेल संस्थेचं, ड्रायव्हर संस्थेचा, दुपारचं शेवभाजीचं जेवण बहुधा तेही संस्थेचंच. नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात स्टाफ रूमच्या खिडकीसमोरच गाडी लागली होती. उमेदवारांचं भाषण चालू असताना अर्धी स्टाफ रूम ती काच वाचत होती. भाषण संपल्यावर एका मॅडमनी विचारलं, "सर, उद्या तुमच्याच संस्थेनं एखाद्या प्राध्यापकाला निलंबित केलं, तर तुम्ही त्याच्या बाजूनं कोणत्या गाडीत येणार?" सर हसले. "मॅडम, आमच्याकडे तसं होत नाही."

ते निवडून आले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संस्थेनं एका प्राध्यापकाला निलंबनाचं पत्र दिलं. अध्यक्षांनी 'दोन्ही बाजूंनी सामोपचारानं घ्यावं' असं दोन ओळींचं निवेदन काढलं. तो प्राध्यापक एकटाच वकील शोधत फिरला. पुढच्या निवडणुकीला त्या तालुक्यात अध्यक्षांना सूचक मिळेना. आपले मतदार भाबडे नाहीत.

गाडी नसेल तर सुरत-भुसावळ मार्गावरची पॅसेंजर आहे, एसटी आहे. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा ही गावं रुळावरचीच आहेत. डब्यात दोन प्राध्यापक भेटतात आणि स्टाफ रूममधे न बोललेलं तिथे बोलतात. मला तरी खरे प्रश्न तिथेच कळले.

हातात नसलेली आश्वासनं

'जुनी पेन्शन मिळवून देणारच' असं पत्रकात छापू नका. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांचा तो जिव्हाळ्याचा विषय आहे, पण निर्णय राज्य शासनाचा आहे आणि लढा राज्य महासंघाच्या पातळीवरचा. तुमच्या हातात काय आहे ते सांगा: पेन्शनसाठी पगारातून कपात झालेली रक्कम खात्यावर दिसते का याची कॉलेजवार तपासणी, स्थाननिश्चितीची शिबिरं, वैद्यकीय देयकांचा पाठपुरावा, परीक्षेच्या मानधनाची थकबाकी. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 18 जुलै 2018 ची नियमावली वाचल्याशिवाय स्थाननिश्चितीवर भाषण ठोकू नका. मागच्या बाकावर ती पाठ असलेला एक तरी माणूस बसलेला असतो.

आणि '2013 च्या परीक्षा बहिष्कारात तुम्ही कुठे होता?' हा प्राध्यापकांच्या त्या आंदोलनाबद्दलचा प्रश्न अजून विचारला जातो. त्या वेळी तुम्ही नोकरीत नसाल तर तसं सरळ सांगा. असाल आणि पेपर तपासत बसला असाल, तर उत्तर घरूनच तयार करून या.

काही उत्साही उमेदवार 'संस्थेला लेबर कोर्टात खेचू' म्हणून टाळ्या घेतात. 1988 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याखाली 'कामगार' नाही. आपल्याला 2016 च्या विद्यापीठ कायद्यातली तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण हे रस्ते आहेत. ज्याला हे दोन रस्ते माहीत नाहीत, त्यानं संरक्षणाच्या गप्पा मारू नयेत.

अधिसभेचं गणित इथे लावणं

विद्यापीठाच्या अधिसभेला (सिनेटला) पसंतीक्रमानं मतदान असतं. निवडून यायला मतांचा कोटा असतो, मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे सरकतात. संघटनेत बहुतेक पदांना साधं बहुमत. तिथे 'दुसरी पसंती द्या' म्हणून फिरलेला उमेदवार इथे तेच बोलतो आणि लोक गोंधळतात. उलट बाजूही तितकीच हास्यास्पद: पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेवर आकडा लिहायच्या जागी बरोबरची खूण करून मत बाद करणारे प्राध्यापक मी बघितलेत. पत्रकावर नमुना मतपत्रिका छापा. शिकलेल्या माणसांना सांगायची गरज नाही, असं अजिबात समजू नका.

आणखी किरकोळ

भरीत पार्टीला आलेली माणसं मतं म्हणून मोजू नका. हिवाळ्यात शेतावर भरीत आणि कळण्याची भाकरी असेल तर विरोधी पॅनलसुद्धा येतं, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतं.

तासिका तत्त्वावरच्या मित्रांना आश्वासन देण्याआधी त्यांना मताधिकार आहे का ते घटनेत बघा. नसेल तर तो मिळवून देण्याबद्दल बोला, मत मागू नका.

निवृत्तीला वर्ष राहिलेलं असताना तीन वर्षांच्या मुदतीचं पद मागू नका.

जातीचा हिशेब कागदावर मांडून कोणाला पाठवू नका. तो कागद संध्याकाळच्या आत सगळ्यांकडे पोहोचतो.

मतमोजणीला प्रतिनिधी म्हणून मित्र नको, आकडेमोड करणारा चिकाटीचा माणूस नेमा.

जिंकल्यावर सत्कारात रमणं

आपल्या संघटना बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेल्या असतात. तशी नोंद असेल तर नव्या कार्यकारिणीचा फेरफार अहवाल, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची माहिती, 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. तोवर दप्तरी जुनीच नावं, आणि बँक सह्या बदलायला टाळाटाळ करते ती वेगळीच. हारतुऱ्यात तीन महिने कसे जातात कळत नाही. मग विलंबमाफीचा अर्ज, मग हरलेल्या गटाची हरकत, आणि पदाच्या मुदतीतला निम्मा काळ तारखांमधे जातो. निकालाच्या दिवशीच सभेची नोटीस, ती पाठवल्याचा पुरावा, हजेरीपट, निवडणूक अधिकाऱ्याच्या सहीचा निकाल आणि निवडून आलेल्या प्रत्येकाचं संमतिपत्र एका फायलीत घाला. हे सगळे लोक त्यानंतर एका खोलीत पुन्हा सापडत नाहीत, आणि संमतिपत्रावरच्या एका सहीसाठी नवापूरला चक्कर मारावी लागते.