वायफाय कॅमेरा सारखा ऑफलाइन जातोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

"कॅमेरा परत गेलाय बघा" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, किती वाजता गेला? खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांत आता आई-वडील दोघंच राहतात आणि मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. मोबाईलवर अंगण दिसेनासं झालं की तिकडे मुलाचा जीव खालीवर होतो, आणि त्या काळजीत तो थेट नवा कॅमेरा मागवतो. पंधरा दिवसांनी नव्या कॅमेऱ्याचंही तेच होतं. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कॅमेरे बसवताना मला दिसलंय ते असं की दोष कॅमेऱ्यात क्वचितच असतो. म्हणून आधी चार दिवस वहीत वेळ लिहा: कॅमेरा कधी गेला, कधी आला, तेव्हा पाऊस होता का, करंट गेला होता का. निम्मं निदान त्या वहीतच होतं.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या. राऊटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी असते. कॅमेरा त्या यादीत आहे आणि तरी मोबाईलवर दिसत नाही, तर वायफाय ठीक आहे, इंटरनेटची लाईन तपासा. यादीतूनच गायब असेल तर पुढचं वाचा.

अंधार पडला की जातो

हा प्रकार मी सगळ्यात जास्त पाहिलाय, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात तेही इथेच. जांबोटीकडच्या एका घरी ओसरीवरचा कॅमेरा रोज दिवेलागणीला बंद पडायचा आणि सकाळी आपोआप सुरू व्हायचा. घरच्यांनी दोनदा राऊटर बदलला होता. मी भर दुपारी स्टुलावर चढून कॅमेऱ्याचं तोंड तळहाताने झाकलं. आतून 'टक्' असा बारीक आवाज आला, कडेचे दिवे मंद लाल झाले आणि चार सेकंदांत चित्र गेलं. हात काढला, मिनिटभरात कॅमेरा परत आला.

अंधारात कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो आणि त्याला जास्त करंट लागतो. तिथे जुना मोबाईल चार्जर लावला होता आणि पाच मीटरची बारीक यूएसबी वायर जोडून लांबवली होती. एवढ्या बारीक वायरीत ५ व्होल्टमधले अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेतच जातात. दिवसा भागतं, रात्री कॅमेरा रीस्टार्ट होत राहतो. कॅमेऱ्यासोबत आलेलाच ॲडॅप्टर वापरा. तो हरवला असेल तर त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपियरचा घ्या. लांबी वाढवायची असेल तर वायरमनकडून २३० व्होल्टचा पॉइंट कॅमेऱ्याजवळ काढून घ्या, ५ व्होल्टची वायर ओढत नेऊ नका. तळहाताची ही परीक्षा कुणालाही जमते, फुकट आहे.

करंट आल्यावर परत येत नाही

आपल्याकडे पावसाळ्यात करंट जाणं-येणं चालूच असतं. करंट आला की कॅमेरा अर्ध्या मिनिटात जागा होतो, पण फायबरचा डबा आणि राऊटर यांना दोन-तीन मिनिटं लागतात. काही स्वस्त कॅमेरे तेवढ्यात दोन-चार हाका मारून गप्प बसतात. राऊटरला छोटा यूपीएस लावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही लावा, नाहीतर उपयोग शून्य. घेताना डब्यामागे लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर जुळवून घ्या, बरेच डबे १२ व्होल्टचे असतात.

नवा राऊटर आला आणि सगळेच गेले

वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, घरगुती कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात. नवे राऊटर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देतात, त्यात काही कॅमेरे गोंधळतात. दोन्हींची नावं वेगळी करा आणि कॅमेरे २.४ वर ठेवा. कॅमेरा ५ वर चालणारा असला तरी जांभ्या दगडाच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ फारसं पोचत नाही. राऊटरच्या वायफाय सुरक्षा प्रकारात फक्त डब्ल्यूपीए३ (नवा प्रकार) निवडलं असेल तर जुने कॅमेरे जोडलेच जात नाहीत, डब्ल्यूपीए२ ठेवा. राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ चं चॅनेल (पट्ट्यातली मार्गिका) १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायम करा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ऑटोवर सोडलं तर राऊटर कधी १२ किंवा १३ वर जातो आणि काही कॅमेऱ्यांना ते चॅनेल दिसतच नाहीत. बेळगावातल्या शहापूर, टिळकवाडीसारख्या दाट वस्तीत चॅनेलचा फरक लगेच जाणवतो. २.४ चं नाव आणि पासवर्ड जुन्या राऊटरचेच ठेवले तर प्रत्येक कॅमेरा नव्याने जोडत बसावं लागत नाही.

राऊटर लोखंडी कपाटामागे

कॅमेऱ्याच्या जागी मोबाईल धरा आणि वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये सिग्नलचा आकडा (डीबीएम) बघा. उणे ६५ पर्यंत बरं, उणे ७५ च्या खाली गेला तर रडारड ठरलेली. राऊटर कपाटामागून, टीव्हीमागून काढून उंच, मोकळ्यावर ठेवा. रिपीटर (सिग्नल पुढे पोचवणारा डबा) कॅमेऱ्याला चिकटवून लावू नका, तिथे त्यालाच सिग्नल मिळत नाही. तो मधल्या वाटेवर हवा. घरात दुसरा राऊटर जोडला असेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि कॅमेऱ्यांचे आयपी पत्ते मुख्य राऊटरमध्ये राखून ठेवा.

शेतातला कॅमेरा

मोटारघरावर कॅमेरा हवा म्हणून घरापासून तिथवर वायरलेस ब्रिज, म्हणजे समोरासमोर दोन अँटेना लावून बिनतारी जोडणी, लावतात. फेब्रुवारीत ऊस तुटून गेलेला असतो, रान मोकळं, ब्रिज झकास चालतो. श्रावणात तो तुटायला लागतो आणि सगळे पावसाला दोष देतात. खरं कारण समोर उभं असतं: ऊस दहा-बारा फूट झालेला, पाला ओला, आणि ओला पाला ५ गिगाहर्ट्झ पिऊन टाकतो. शिवाय दोन अँटेना एकमेकांना नुसत्या दिसून भागत नाही. तीनशे मीटर अंतराला उसाच्या शेंड्यांपासून वर चार-पाच फूट मोकळी जागा लागते. म्हणून खांबाची उंची रिकाम्या रानावरून ठरवू नका, तुटायला आलेल्या उसावरून ठरवा. तेवढा खांब झेपत नसेल तर सिमकार्डवर चालणारा ४जी कॅमेरा घ्या. त्याआधी मोटारघरापाशी उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते तपासा, आणि ही तपासणीही ऊस उभा असतानाच करा.