व्हॉल्व्हच्या रेडिओचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कित्येक घरांत व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारे) जुने रेडिओ अजून जपून ठेवलेत. फ्यूज उडाला की नवा घालून बघत बसू नका. रेडिओ सिरीज बल्बवर लावा. होल्डरमध्ये ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब (एलईडी चालत नाही) रेडिओच्या फेज वायरीत सिरीजमध्ये जोडायचा.

१. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर मोठा शॉर्ट नाही.

२. भगभगीत पेटून राहिला, तर प्लग काढा, रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) उपसा, पुन्हा लावा.

३. आता मंद झाला? मग दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे. बहुतेक वेळा फिल्टर कंडेन्सरच (डीसी सपाट करणारा) गेलेला असतो, तो आधी तपासा. बल्ब तसाच भगभगीत पेटला, तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगमध्ये. डायलच्या दिव्याचा होल्डरही बघाच.

ही युक्ती ट्रान्सफॉर्मरच्या सेटसाठीच. बिनट्रान्सफॉर्मरच्या एसी-डीसी सेटमध्ये चासीलाच (आतल्या लोखंडी सांगाड्याला) करंट असू शकतो, तो जाणकाराकडे न्या.

प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये २५०-३०० व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा, मीटरने खात्री करा, मगच आत हात घाला. फ्यूजच्या जागी जाड तार कधीच नको: ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि तसा आता सहजी मिळत नाही.