उठल्या उठल्या डोकं दुखतं? आधी रात्रीची चौकशी करा

इंदूरच्या आमच्या घरात काका रोज डोकं धरूनच उठायचे. काकू चहाच्या कपाशेजारी गोळी ठेवायच्या, मग पोहे. काकांचं घोरणं अंगणापर्यंत ऐकू यायचं आणि आम्ही म्हणायचो, झोप छान लागते हो त्यांना! ती झोप छान नव्हती, हे कळायला फार उशीर झाला. तुमचा तसा होऊ नये.

पहिलं काम, उशाशी वही ठेवा. महिनाभर रोज लिहा: डोकं कुठे दुखलं, किती वाजता थांबलं, रात्री कधी झोपलात, कोणती गोळी कधी घेतली. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाऊन बाराला परतलात, दारू घेतलीत, तर तेही लिहा.

दुसरं, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. घोरणाऱ्याला स्वतःचं काहीच कळत नसतं. काकू म्हणाल्या, "अहो, ह्यांचा श्वास मधेच थांबतो, मग गचका बसून सुरू होतो. मी जीव मुठीत धरून आकडे मोजते." हीच स्लीप ॲप्नियाची खूण. घसा आतून मिटतो, श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, प्राणवायू घटतो, झोप तुटत राहते. यातलं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखं असतं आणि उठल्यावर ४ तासांच्या आत ओसरतं. दिवसा पेंग येते. मोबाइलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करून डॉक्टरांना ऐकवा. झोपेच्या तपासणीत निदान पक्कं होतं. कानशिलं आणि जबडा दुखत असेल तर झोपेत दात खाता का, ते दंतवैद्याला दाखवा.

आता गोळ्यांचा हिशेब, आणि इथेच बहुतेक घरं चुकतात. पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, मिश्र वेदनाशामक (एका गोळीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं ३ महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. रात्रीत असर उतरतो, सकाळी पुन्हा ठणका. काकांच्या वहीत एका महिन्यात गोळीचे २२ दिवस निघाले. काकू ते पान कितीतरी वेळ बघत बसल्या होत्या. झोपेच्या काही गोळ्या घशाचे स्नायू सैल करतात, त्यामुळे ॲप्निया वाढू शकतो. हृदयासाठीची नायट्रेट आणि रक्तदाबाची निफेडिपिनसारखी काही औषधंही डोकं दुखवतात. पण मनाने कुठलीही गोळी बंद करू नका. झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी एकदम सोडणं धोक्याचं असतं.

मग वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. आयुर्वेदिक औषधं, शेजाऱ्याने दिलेली गोळी, काहीही लपवू नका. रक्तदाब मोजून घ्या.

मात्र अचानक असह्य डोकेदुखी, ताप आणि मान आखडणं, दिसायला अंधुक, हातापायात अशक्तपणा, बोलण्यात अडखळ, यांपैकी काही दिसलं तर वही राहू द्या, तडक इस्पितळ गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना लगेच दाखवा.