गावात कलापथक नेताय? या चुका टाळा

आरोग्य असो, पाणी असो की पीकविमा, ‘लोककलेतून जनजागृती’ करायचं ठरलं की पहिली चूक बहुतेक वेळा गावात पोचण्याआधीच झालेली असते. शाहिराच्या हातात परिपत्रक दिलेलं असतं.

मराठवाड्यातल्या एका गावातला असाच कार्यक्रम मला अजून आठवतो. शाळेचं मैदान, सकाळचे अकरा. शाहिरांनी डफावर थाप मारली, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’ धरलं आणि पोवाड्याच्या पहिल्याच चौकात, म्हणजे कडव्यात, शब्द आले, ‘सदर योजनेचे पात्र लाभार्थी’. ते चालीत बसवताना शाहिरांच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या. समोर शाळेची पोरं, पारावरची पाच-सात म्हातारी माणसं आणि भिंतीला टेकलेल्या दोन-तीन बाया. बाकी गाव रानात. मग सोंगाड्या पुढे आला. त्याने कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “शाहीर, ते समदं खरं, पण सातबारा सासऱ्याच्या नावावर, अंगठा कुणाचा घ्यायचा?” भिंतीजवळची एक बाई पुढे सरकत म्हणाली, “माझं बी तेच हाय!” तिथून पुढचा अर्धा तास खरा कार्यक्रम झाला.

म्हणून मजकूर लिहून देऊ नका. तीन-चार पक्क्या गोष्टी द्या, कलावंतांसोबत एक दुपार बसा, गावातले लोक कुठे अडतात ते सांगा. गाणं आणि बतावणी, म्हणजे सोंगाड्याचे विनोदी संवाद, त्यांना रचू द्या. तुम्ही तपासायची ती फक्त माहिती. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ ची. त्याचा विचार पुढे गावोगाव नेला तो जलशांनी, म्हणजे गाणी-संवादांचे खेळ करणाऱ्या मंडळींनी, आणि त्यांनी तमाशाचा ओळखीचा साचा हाताशी धरून आत आपलं म्हणणं भरलं. साचा मोडून भाषण घुसवलं असतं तर लोक उठून गेले असते.

एका खेळात दहा विषय कोंबणं ही दुसरी मोठी चूक. एकनाथांच्या भारुडात विंचू एकच असतो. तो चावतो, माणूस तळमळतो आणि मग कळतं की हा विंचू काम-क्रोधाचा आहे. लसीकरण, शौचालय आणि बचत गट एकाच भारुडात घातलं, तर लोक पोटभर हसतील आणि घरी जाईपर्यंत तिन्ही विसरतील. एक रात्र, एक विषय.

प्रकार निवडताना मुलूख बघा. पूर्व विदर्भात दंडार आणि खडी गंमत ही तिथली लोकनाट्यं, कोकणात दशावतार, देशावर पोवाडा आणि भारूड. खानदेशात अहिराणीत दोन वाक्यं आली तरी माणसं पुढे सरकून बसतात. गोंधळाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: तो कुलाचार आहे. संबळ आणि दिवटी बाहेर काढून त्यावर योजनेची जाहिरात करायची असेल, तर आधी गोंधळ्यांना विचारा, आणि ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा.

गर्दीच जमत नसेल तर कलावंतांना दोष देण्याआधी वेळ तपासा. पेरणी-काढणीच्या दिवसांत नको, भर दुपारी नको. रात्रीची जेवणं उरकल्यावर, किंवा जत्रेच्या आदल्या दिवशी. दवंडी फिरवा, मोबाइलवरचा निरोप ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांच्यापुरताच. बायका येत नसतील तर बसायची जागा बघा. पुरुषांच्या गराड्यातून वाट काढत कुणी पुढे येत नाही.

लोक ऐकतात, पण बोलत नाहीत? मग खेळात प्रश्नाला जागाच ठेवलेली नसेल. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना साध्या बोलीत प्रश्न विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. आणि रात्री स्वच्छतेवर बोलण्याआधी दिवसा त्याच गावात स्वतःच्या हाताने झाडू मारलेला असायचा. आपल्याला निदान एवढं जमावं: ज्या विषयाचा खेळ आहे त्यातला जाणता माणूस, आशाताई असोत की ग्रामसेवक, शेवटपर्यंत तिथे बसलेला हवा. खेळ संपताच गाडीत बसून निघालात, तर उठलेले प्रश्न तसेच अर्धवट राहतात.

ध्वनिक्षेपकाचं थोडक्यात: गाणाऱ्यासमोर एक माइक लावून भागत नाही. डफ-तुणतुण्याला वेगळा द्या, आणि सोंगाड्याला हातात धरून फिरता येईल असा.

परिणाम मोजताना फलकासमोरचा फोटो आणि डोकी मोजलेला आकडा एवढ्यावर थांबू नका. दोन-चार दिवसांनी पिठाच्या गिरणीवर, पाणवठ्यावर जाऊन विचारा, “परवाच्या खेळात काय होतं?” कुणी सोंगाड्याचा विनोद सांगेल, कुणी गाण्याची ओळ म्हणेल. त्यात तुमचा विषय येत नसेल तर पुढच्या गावात जाण्याआधी बतावणी बदला.

आणि मानधन त्याच रात्री द्या. माहितीची चूक पुढच्या गावात सुधारता येते. बिलासाठी सहा महिने हेलपाटे घालायला लावलेला शाहीर पुन्हा बोलावल्यावर मनापासून गाणार नाही.