पाइपमधल्या लूपनंतर व्हेरिएबलची किंमत का हरवते आणि ती कशी टिकवावी

लूपआधी काउंटर शून्य केला, प्रत्येक ओळीमागे तो एकने वाढवला, आत छापून पाहिला तेव्हा आकडा बरोबर वाढत होता, पण लूप संपताच पुन्हा शून्यच दिसले, असे बॅश या शेलच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्क्रिप्टमध्ये घडले तर चूक बहुधा मोजणीत नसून लूपच्या आधी लावलेल्या पाइपमध्ये, म्हणजे एका कमांडचे आउटपुट पुढच्या कमांडला देणाऱ्या | या चिन्हात, असते.

शेलमधील लूपला स्वतःची वेगळी व्याप्ती नसते. फॉर लूप संपल्यावरही त्याच्या व्हेरिएबलमध्ये शेवटची किंमत शिल्लक राहते, आणि म्हणूनच फंक्शनमधील लूपचे व्हेरिएबल आधी लोकल म्हणून घोषित करणे हिताचे असते. पाइपने जोडलेली प्रत्येक कमांड मात्र बॅश सबशेलमध्ये, म्हणजे मूळ शेलची प्रत असलेल्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. त्या प्रतीत झालेले बदल तिच्याबरोबरच संपतात. अशा लूपमध्ये लिहिलेली एक्झिट कमांडही केवळ सबशेल थांबवते आणि उरलेली स्क्रिप्ट पुढे चालूच राहते. माझ्या मते काउंटर शून्य दिसण्यापेक्षा हे अधिक घातक आहे, कारण ते लगेच लक्षात येत नाही.

शंका असल्यास लूपच्या आत आणि बाहेर बॅशपिड (BASHPID) हे चालू प्रोसेसचा क्रमांक देणारे व्हेरिएबल छापावे. दोन क्रमांक वेगळे आले तर लूप सबशेलमध्ये चालला आहे. यासाठी $$ वापरू नये, कारण सबशेलमध्येही त्यातून मूळ शेलचाच क्रमांक मिळतो.

ओळी फाइलमधून येत असतील तर फाइल छापणारी कॅट कमांड आणि पाइप काढून टाकावेत आणि लूपच्या शेवटी, डन या शब्दानंतर, < चिन्ह देऊन फाइलचे नाव लिहावे. ओळी एखाद्या कमांडकडून येत असतील तर डननंतर < लिहावे, एक जागा सोडावी, पुन्हा < लिहून त्याला चिकटून कंसात ती कमांड द्यावी. मधली जागा गाळल्यास बॅश त्या दोन चिन्हांचा निराळाच अर्थ लावतो. इतके केल्यावर काउंटर टिकतो, पण लूपमधली रीड कमांड ज्या व्हेरिएबलमध्ये ओळ वाचते ते इनपुट संपल्यावर रिकामेच होते. शेवटची ओळ पुढे हवी असेल तर ती लूपच्या आतच दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवावी.

बॅश ४.२ पासून शॉप्ट कमांडने लास्टपाइप हा पर्याय सुरू करता येतो, म्हणजे पाइपमधील शेवटची कमांड मूळ शेलमध्येच चालते. जॉब कंट्रोल, म्हणजे चालू कमांड थांबवण्याची किंवा मागे-पुढे नेण्याची सोय, बंद असेल तरच तो लागू होतो. स्क्रिप्टमध्ये ते सहसा बंदच असते, पण टर्मिनलवर थेट तपासणाऱ्याला पर्याय निरुपयोगी असल्याचा भास होतो. झेडशेल हा दुसरा शेल पाइपमधील शेवटची कमांड मुळातच स्वतःमध्ये चालवतो, त्यामुळे तिथे बरोबर चाललेली स्क्रिप्ट बॅशमध्ये शून्य दाखवू शकते.

डॅशसारख्या साध्या शेलमध्ये कंसातल्या कमांडची सोय नसते. तिथे पाइपनंतर महिरपी कंस उघडून काउंटरची सुरुवात, लूप आणि उत्तर छापणारी ओळ असे सर्व त्याच कंसात ठेवावे.