छोट्या लाइव्ह बँडसाठी कमी बजेटमधला कीबोर्ड कसा निवडायचा

कीबोर्ड घ्यायचं ठरलं की सगळे आधी मॉडेल शोधायला लागतात, व्हिडिओ बघतात, याच्यात पाचशे साउंड आहेत आणि त्याच्यात हजार आहेत यावर तासन्‌तास बोलतात, आणि ज्या कागदावरून हा सगळा निर्णय व्हायला पाहिजे तो कागद कोणी काढतच नाही. तो कागद म्हणजे तुमच्या बँडच्या गाण्यांची यादी. आधी तो काढा. प्रत्येक गाण्यापुढे लिहा की कुठला साउंड लागतो, गाण्यात मध्येच बदलतो का, बदलत असेल तर बदलायला किती वेळ मिळतो आणि त्या वेळी कुठला हात मोकळा असतो. पंधरा-वीस गाणी लिहून झाली की बहुतेक वेळा दिसतं की साउंड फिरून फिरून तेच सहा-सात आहेत, पियानो, इलेक्ट्रिक पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज, एखादा पॅड (मागे पसरून राहणारा मऊ आवाज), ब्रास आणि एक लीड (सोलो वाजवायचा ठळक आवाज). म्हणजे हजार साउंडवाला कीबोर्ड घेऊन त्यातले नऊशे नव्वद तुम्ही कधी उघडणारसुद्धा नाही. तुम्हाला सात साउंड चांगले पाहिजेत आणि त्या सातांमध्ये पटापट इकडून तिकडे जाता आलं पाहिजे.

हे इकडून तिकडे जाणं, माझ्या मते लाइव्ह वाजवणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि घेताना नेमकी हीच कोणी तपासत नाही. मीही नव्हती तपासली. एक संथ गाणं होतं, कडव्याच्या शेवटी पियानोची कॉर्ड सस्टेन पेडलवर, म्हणजे पायाने दाबलं की सूर लांबवणाऱ्या पेडलवर, धरून ठेवायची आणि ती घुमत असतानाच स्ट्रिंग्जवर जायचं. मी बटण दाबलं आणि पियानो कात्रीने कापल्यासारखा थांबला, मग क्षणभर काहीच नाही, मग स्ट्रिंग्ज. गायिका तेव्हा लांब सूर धरून उभी होती, तिच्या खालून आधारच निघून गेला, तिने वळून माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. कीबोर्ड बिघडलेला नव्हता, त्याची रचनाच तशी होती, आणि दुकानात मला ते कळलं नाही कारण तिथे मी एकेक साउंड सुटासुटा वाजवून बघितला होता.

म्हणून दुकानात पहिली टेस्ट ही करा. पियानो लावा, पेडल दाबून एक कॉर्ड धरा आणि ती वाजत असताना दुसऱ्या साउंडचं बटण दाबा. आधीचा सूर झटकन तुटला तर समजा हा कीबोर्ड गाण्याच्या मध्ये तुम्हाला अडचणीत आणणार. सूर चालू राहिला पण त्याचा रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीसारखी घुमण्याची छटा, एकदम बदलला तर ते मधलं प्रकरण, चालू शकतं, कारण नोट पुढे जाते पण इफेक्ट नवीन साउंडचे लागतात. आणि सूर आपोआप विरत गेला आणि नवा साउंड वरून आला तर उत्तम. कंपन्या याला वेगवेगळी नावं देतात, कुठे सीमलेस साउंड स्विचिंग, कुठे स्मूथ साउंड ट्रान्झिशन, रोलँडच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये पॅच रिमेन, मॅन्युअलमध्ये हे शब्द शोधा. पण शब्द सापडला म्हणून टेस्ट टाळू नका, काही ठिकाणी ही सोय ठराविक मोडमध्येच चालते.

बजेटमध्ये बसणारा कीबोर्ड नेमका सूर तोडणारा निघाला तरी लगेच नाही म्हणू नका, यावर एक जुना उपाय आहे. पियानो आणि स्ट्रिंग्ज दोन्ही एकाच सेटिंगमध्ये लेअर करून, म्हणजे एकाच कीवर एकत्र वाजतील असे, ठेवायचे आणि स्ट्रिंग्जचा आवाज नॉबवर किंवा एक्स्प्रेशन पेडलवर, म्हणजे पायाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर, घ्यायचा. कडव्यात पेडल मागे, नुसता पियानो, आणि गाणं चढायला लागलं की पायाने हळूहळू स्ट्रिंग्ज वर आणायच्या, बटण दाबायचंच नाही. खरं सांगायचं तर हे बटणापेक्षा कानाला जास्त गोड लागतं. मात्र त्यासाठी कीबोर्डला एक्स्प्रेशन पेडलचं सॉकेट पाहिजे किंवा निदान प्रत्येक लेअरचा आवाज वेगळा फिरवता येईल असा नॉब किंवा स्लायडर पाहिजे, आणि पेडल फक्त त्या एका लेअरलाच लावता येतं का ते विचारा, कारण स्वस्त मॉडेलमध्ये ते कधीकधी सगळाच आवाज कमी-जास्त करतं.

याच्याच बरोबरीची गोष्ट म्हणजे आवडीचे साउंड एका बटणावर ठेवता येतात का. कोणी त्याला फेव्हरिट म्हणतं कोणी रजिस्ट्रेशन कोणी परफॉर्मन्स, नाव काही असो, अंधाऱ्या स्टेजवर मेन्यूत शिरून तीन वेळा खाली आणि दोन वेळा एंटर असलं करावं लागलं तर तो कीबोर्ड घरी ठीक आहे, बँडमध्ये नाही. नुसतं पायाने पुढच्या साउंडवर जाता आलं तर फारच छान, गाण्यांच्या क्रमाने साउंड लावून ठेवायचे आणि पाय मारत जायचं.

आता प्रकार कुठला घ्यायचा. अरेंजर कीबोर्ड, म्हणजे ज्यात ताल आणि साथ आपोआप वाजते आणि स्पीकरही आतच असतात, एकट्याने कार्यक्रम करणाऱ्याला हा वरदान आहे, पण ड्रमर आणि बेसवाला समोर असताना त्या साथीचा उपयोग नाही आणि त्या स्पीकर्सचं वजन मात्र उचलावं लागतं. स्टेज पियानोत पियानो सुंदर असतो पण बाकीचे साउंड मोजके. कोर्गचा मायक्रोकोर्ग २००२ पासून लोकप्रिय आहे, पण त्यात ३७ छोट्या कीज आणि एका वेळी फक्त ४ सूर, लीडसाठी मस्त, पियानोच्या कामाचा नाही. छोट्या बँडमध्ये एकच कीबोर्ड असणार असेल तर ज्याला लोक परफॉर्मन्स सिंथ किंवा छोटं वर्कस्टेशन म्हणतात तो वर्ग बघा, यामाहाचा एमएक्स, रोलँडचा जुनो डीएस, कोर्गचा क्रॉस ही त्यातली ओळखीची नावं, नवे-जुने दोन्ही बघा. यात सगळे साउंड बऱ्यापैकी असतात, स्प्लिट (डाव्या हाताला एक साउंड, उजव्याला दुसरा) आणि लेअर होतात आणि वजन कमी असतं.

वजनावर जरा थांबतो कारण घेताना ते कुणाच्या डोक्यात नसतं. यामाहा एमएक्सचंच उदाहरण घ्या, ६१ कीजचा ४.८ किलो आणि ८८ कीजचा वजनदार कीजवाला १३.९ किलो, आतले साउंड तेच. ८८ कीजवर पियानो वाजवायला खूप छान वाटतं हे मान्य, पण केस आणि स्टँड धरून ते जिन्यावरून वर न्यायचं आहे, रात्री परत खाली आणायचं आहे, आणि छोट्या स्टेजवर ड्रमच्या शेजारी बसवायचंही आहे. ज्याच्या वाजवण्यात पियानोच मुख्य आहे त्याने ८८ जरूर घ्यावा. बाकीच्यांना ६१ पुरतो, म्हणजे पाच सप्तकं, फक्त स्प्लिट केल्यावर डाव्या आणि उजव्या बाजूचं सप्तक वेगवेगळं वर-खाली करता येतं का ते बघा, नाहीतर दोन्ही हातांना जागा अपुरी पडते. मधला मार्ग हवा असेल तर ७६, पण कमी बजेटमध्ये तसे मॉडेल कमी मिळतात. कीज कितीही असोत, हळू दाबलं तर हळू आणि जोरात दाबलं तर जोरात वाजलं पाहिजे, ही तडजोड करू नका.

पॉलिफनीचा, म्हणजे कीबोर्ड एका वेळी किती आवाज (व्हॉइस) काढू शकतो त्याचा, आकडा सगळे विचारतात पण त्याचा हिशोब कमी जण करतात. ६४ पॉलिफनी म्हणजे ६४ सूर असं नाही. स्टिरिओ पियानोची एक नोट बहुतेक वेळा २ व्हॉइस खाते, त्यावर स्टिरिओ स्ट्रिंग्ज लेअर केल्या की एका नोटला ४, म्हणजे ६४ भागिले ४, हातात राहिल्या १६ नोटा. पेडल दाबून पाच-पाच नोटांच्या चार कॉर्ड वाजवल्या की २० झाल्या आणि आधीचे सूर गुपचूप गळायला लागले. म्हणून लेअर करणार असाल तर १२० किंवा १२८ च्या घरातला बघा, ६४ वाला असेल तर पेडल जपून वापरा. हेही खरं की १९८३ चा यामाहा डीएक्स७ आणि १९८८ चा कोर्ग एम१ दोन्ही १६ व्हॉइसचे होते आणि त्यांच्यावर लोकांनी ढीगभर शो केले, त्यामुळे आकडा लहान दिसला म्हणून जुना कीबोर्ड लगेच बाद करू नका, आधी तुमची यादी बघा.

मागची बाजू नक्की बघा, म्हणजे सॉकेट्स. लेफ्ट-मोनो आणि राइट असे दोन वेगळे लाइन आउट पाहिजेत. स्वस्त अरेंजरमध्ये कधीकधी फक्त हेडफोनचं सॉकेट असतं आणि तिथेच मोठी गडबड होते. हेडफोनमधून निघतो स्टिरिओ, आणि साउंडवाल्याने पिनवर तीन धातूचे भाग असलेली (टीआरएस) केबल लावून तो सरळ मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये, म्हणजे दोन तारांमधला फरक घेणाऱ्या इनपुटमध्ये, दिला की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि उरतो नुसता पातळ रिव्हर्ब. माणूस आवाज वाढवत बसतो, बिघाड केबलमध्येच असतो. असा कीबोर्ड असेल तर हेडफोनच्या एका सॉकेटमधून दोन वेगळ्या पिना निघणारी वाय केबल घ्या आणि मिक्सरचे दोन चॅनल वापरा, किंवा एकच पिन लावा.

आणि बऱ्याच छोट्या जागी सगळी सिस्टिम मोनोच असते, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसतो, त्यामुळे दुकानात पियानो फक्त लेफ्ट-मोनोमधून एका केबलवर ऐकाच. हेडफोनमध्ये भव्य वाटणारे काही पियानो मोनोत पोकळ होतात, पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखे. तसं झालं तर त्याच कीबोर्डमधला दुसरा एखादा पियानो मोनोत चांगला वाजतो का बघा, बहुतेक वेळा वाजतो.

ऐकताना अजून एक लक्षात ठेवा, एकट्याने वाजवताना जो साउंड सगळ्यात श्रीमंत वाटतो तोच बँडमध्ये चिखल करतो. जाड खालचे सूर बेसवर जाऊन बसतात, मधला भाग गिटारवर, आणि लांब रिव्हर्बने कॉर्डच कळत नाही. थोडा पातळ, वरच्या बाजूला उजळ पियानो निवडा, रिव्हर्ब निम्म्यावर आणा, डाव्या हाताने खाली कमी वाजवा. म्हणून कीबोर्डवर निदान खालचा आणि वरचा आवाज चटकन कमी-जास्त करायला नॉब असले की फार बरं पडतं. गिटार अँपमध्ये कीबोर्ड लावून निर्णय घेऊ नका, त्याचे स्पीकर वरचे सूर नीट देत नाहीत, पियानो दबलेला वाटतो. साधा पॉवर्ड स्पीकर बरा.

गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तर ट्रान्सपोजचं बटण वरच पाहिजे, मेन्यूत नको, आणि ट्रान्सपोज चालू आहे हे लांबून दिसलं पाहिजे. ते बंद करायचं विसरून पुढचं गाणं एक स्वर वर सुरू झालं की सगळा बँड हादरतो.

बजेट ठरवताना सगळे पैसे कीबोर्डवर घालवू नका. सस्टेन पेडल, मजबूत स्टँड, दोन चांगल्या केबल, केस, आणि शक्य असेल तर एक डीआय बॉक्स (कीबोर्डचा सिग्नल लांब केबलवरून मिक्सरला नीट देणारी छोटी डबी), हे धरून बजेट करा. लांब केबलवर हमिंग येतं तेव्हा डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण शो वाचवतं. पेडल उलटं चालायला लागलं, म्हणजे पाय काढला की सूर धरला जातो, तर ते खराब नसतं, कंपन्यांची पोलॅरिटी वेगळी असते. पेडलच्या खाली स्विच असेल तर तो बदला, नसेल तर पेडलवरचा पाय काढून कीबोर्ड बंद करून परत चालू करा, बरेच कीबोर्ड चालू होताना पेडल ओळखून घेतात. अडॅप्टरचं मात्र असं नाही, व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी तिन्ही जुळल्याशिवाय दुसऱ्याचा अडॅप्टर लावू नका, चुकलं तर बोर्डच जातो.

सेकंडहँड घ्यायला मी कायम सांगतो, त्याच पैशात एक पायरी वरचा कीबोर्ड मिळतो, फक्त तासभर वेळ काढून जा. एका पियानो साउंडवर पहिल्या कीपासून शेवटच्या कीपर्यंत एकदा अगदी हळू आणि एकदा जोरात वाजवा, एखादी की हळू दाबूनही एकदम मोठ्याने वाजत असेल तर आतली रबरची कॉन्टॅक्ट पट्टी मळलेली किंवा झिजलेली असते, साफ करून कधी सुटतं, कधी बदलावी लागते, तेवढी किंमत कमी करून घ्या. नॉब फिरवताना खरखर येते का, केबल लावून हलवली की आवाज जातो का, पिच बेंड सोडल्यावर बरोबर मध्ये येतो का, डिस्प्ले पूर्ण दिसतो का हे बघा. अर्धा तास चालू ठेवून मग परत वाजवा, काही दोष गरम झाल्यावरच कळतात.

लॅपटॉप किंवा टॅबलेटला मिडी कीबोर्ड (ज्यात स्वतःचे साउंड नसतात, नुसत्या कीज असतात) लावून वाजवणं हाही स्वस्त आणि चांगला मार्ग आहे, विशेषतः लॅपटॉप आधीच असेल तर, पण लेटन्सी, म्हणजे की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, १० मिलिसेकंदांच्या आत ठेवावी लागते आणि त्यासाठी बहुतेक वेळा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणारं वेगळं उपकरण) घ्यावा लागतो. ऐन शोमध्ये अपडेट सुरू झालं तर हात बांधले जातात, म्हणून मी एकटा कीबोर्ड असेल तर हार्डवेअरच घ्या म्हणेन.

कीबोर्ड घरी आला की पहिल्या तालमीआधी त्या कागदावरच्या यादीप्रमाणे साउंड ओळीने सेव्ह करा. मग तालमीत, पूर्ण बँड वाजत असताना, एकाला समोर उभं करून प्रत्येक साउंडचा आवाज सारखा करून घ्या, हेडफोनमध्ये केलेलं लेव्हलिंग स्टेजवर टिकत नाही, ऑर्गन अंगावर येतो आणि इलेक्ट्रिक पियानो गायब होतो. झालं की सगळं पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कीबोर्डच्या केसमध्येच ठेवा.