भांडा, पण अंक घेऊन या

मी नारायण पेठेत मुद्रितशोधनाचं काम करते. आठवडाभर लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ निस्तरायचे आणि रविवारी सकाळी भाचा आणि त्याच्या मित्रमंडळींबरोबर अमृततुल्यात बसून सुपरहिरोंवरून कचाकचा भांडायचं, असा माझा क्रम. सगळे मला मावशी म्हणतात, पण वादात वयाचा मान कुणी ठेवत नाही, आणि तेच बरं. अशी बैठक जमवायची हौस बऱ्याच जणांना असते. दोन-तीन रविवारांत गाडी ‘तुला काय कळतंय’वर येते आणि मग अबोला. तसं होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगते.

आधी कुठल्या अवताराबद्दल बोलतोय ते ठरवा. ‘मूळ कॉमिकमध्ये असं नव्हतंच’ हे वाक्य आमच्याकडे अंकाचं नाव घेतल्याशिवाय चालत नाही. मार्व्हल कॉमिक्समधला निक फ्युरी घ्या. १९६३ साली तो आला तेव्हा गोरा होता, कबूल. पण २००२च्या ‘द अल्टिमेट्स’ या कॉमिकमध्ये चित्रकार ब्रायन हिचने त्याला सरळ सॅम्युएल जॅक्सन या नटाचा चेहरा देऊन टाकला आणि २००८ साली ‘आयर्न मॅन’च्या अगदी शेवटी खुद्द जॅक्सनच पडद्यावर हजर झाला. म्हणजे नटाआधी त्याचं चित्र तयार! एवढं ठाऊक असलं की अर्ध्या तासाची आरडाओरड वाचते.

मग खरा प्रश्न विचारायचा: पात्रातली जी गोष्ट बदलली, ती कथेत काय काम करत होती? आमच्याकडे हे वुल्व्हरिनवरून सुरू झालं. कॉमिकमधला वुल्व्हरिन जेमतेम पाच फूट तीन इंचांचा, आणि २०००च्या ‘एक्स-मेन’मध्ये आला सहा फुटांच्या वरचा ह्यू जॅकमन. आमच्यातली एक शाळेत चित्रकला शिकवते. तिने पर्समधून टेप काढली आणि भिंतीवर पाच-तीनची खूण करायला पेन्सिल टेकवली, तोच गल्ल्यावरून मालक ओरडले, “अहो मॅडम, परवाच रंग दिलाय!” शेवटी कागदाचा तुकडा चिकटवला. कुतूहल न आवरून मालक स्वतःच त्याच्याखाली येऊन उभे राहिले, तर टाळू बरोब्बर कागदाला. “म्हणजे मीच तो का?” त्यांनी विचारलं. त्यांच्या शेजारी भाच्याचा ताडमाड मित्र उभा केला आणि मुद्दा सगळ्यांना दिसला. समोरचा धिप्पाड गडी या बुटक्याला हलक्यात घेतो आणि मग पस्तावतो, हे त्या उंचीचं काम. जॅकमनला कुणी हलक्यात घेईल? त्याचा संताप, त्याचं एकटेपण जमून आलं, माझी काही तक्रार नाही. पण ती एक गंमत त्या चित्रपटात गेली ती गेलीच. वाद इथवर आला की ‘शोभतो’ आणि ‘शोभत नाही’ यांच्यापलीकडे बोलायला काहीतरी हाती लागतं.

आता हाच प्रश्न आपल्या फास्टर फेणेला लावून बघा. पुण्यात बसून त्याच्यावर भांडायचं नाही म्हणजे काय! भा. रा. भागवतांचा बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचा काटकुळा शाळकरी पोरगा, बुडाखाली सायकल आणि तोंडात ‘ट्टॉक’. दूरदर्शनच्या मालिकेत ऐंशीच्या दशकात सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघ आला, आणि हा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला. माझ्या पिढीच्या एका बाईंनी अमेय वाघवर जे तोंडसुख घेतलं ते विचारू नका. मी म्हटलं, आधी वयाचं काम काय ते बघू. शाळकरी पोराचं मोठी माणसं ऐकूनच घेत नाहीत, त्याला घरी पिटाळतात, म्हणून त्याला स्वतःच सायकल हाणावी लागते. वय वाढवलं की ही अडचण संपते. मग पटकथेला धोका दुसरीकडून आणावा लागतो, आणि गिरीश कुलकर्णींचा खलनायक अप्पा तेवढ्यासाठीच इतका जबर झालाय. पटो न पटो, हा निर्णय पटकथेचा. नटाला कशाला झोडपायचं? त्याच चित्रपटात दिलीप प्रभावळकर खुद्द भा. रा. भागवत होऊन येतात, लेखकच आपल्या पात्राशेजारी उभा राहतो. ही कल्पना मला इतकी आवडली की बाकीचं बरंच मी माफ केलं.

तर, कुणी ठरवलं ते शोधा. अंकातली श्रेयनामावली वाचायची सवय लावा: लेखक, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरलेखन, संपादक. मी तर गोष्टीआधी तीच वाचते, धंद्याची खोड. मात्र तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. १९३९ साली बॅटमॅन आला, तेव्हापासून कित्येक दशकं निर्माता म्हणून एकट्या बॉब केनचं नाव छापलं गेलं. केप, कानवाला मुखवटा, करडा पोशाख, गॉथम हे त्याच्या शहराचं नाव, यातलं बरंचसं सुचवलं ते बिल फिंगरने. तो १९७४ साली गेला आणि अधिकृत श्रेयात त्याचं नाव लागायला २०१५ उजाडलं. आमच्याकडे ‘केनचा बॅटमॅन’ म्हणणाऱ्याने त्या दिवशीचा चहा पाजायचा.

कधीकधी दोषी लेखकही नसतो. १९८८ साली बॅटमॅनचा साथीदार असलेल्या दुसऱ्या रॉबिनने, म्हणजे जेसन टॉडने, जगावं की मरावं याचा कौल वाचकांकडून फोनवर मागवला होता. मरावं म्हणून ५,३४३, जगावं म्हणून ५,२७१. फरक फक्त ७२ मतांचा! त्यामुळे ‘लेखकाने उगाच मारला’ म्हणणाऱ्यासमोर हे दोन आकडे ठेवायचे आणि शांतपणे खारी खायची.

लेखकांची तुलना करायची असेल तर नाव झाकून वाचा. दोन कथांची दोन-दोन पानं झेरॉक्स करायची, नाव आणि शीर्षक पांढऱ्या शाईने उडवायचं, कोणती सरस ते आधी सांगायचं आणि नाव नंतर उघडायचं. याला आपल्याकडे भक्कम दाखला आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केलेली! नावाच्या वजनाने निकाल लागू नये एवढाच हेतू, आणि पहिलं बक्षीस कथेने स्वतःच्या बळावर मिळवलं. आमच्यातले दोन कट्टर भक्त या खेळात आपल्याच लाडक्या लेखकाला नापास करून बसलेत. नावं सांगत नाही, पुढच्या रविवारी यायचंय मला.

नव्या चित्रपटाचा नट जाहीर झाला की आम्ही चिठ्ठ्या टाकतो. माझ्याकडे वाया गेलेल्या प्रुफांची पाठकोरी पानं ढिगाने असतात. प्रत्येकाने मत लिहायचं, कारण लिहायचं, खाली सही आणि तारीख, आणि चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात. डबा माझ्या घरी. चित्रपट सगळ्यांचा पाहून झाला की मोठ्याने वाचन. नुसतं ‘हा नको’ लिहिलेली चिठ्ठी बाद. मायकेल कीटन बॅटमॅन होणार म्हटल्यावर विरोधाची सुमारे ५०,००० पत्रं स्टुडिओकडे गेली होती असं सांगतात; विनोदी कामं करणारा माणूस हे काय पेलणार, असा सूर. १९८९ साली चित्रपट आला आणि तो सूर बंद पडला. कारण लिहायला लावायचं ते यासाठीच, म्हणजे माणूस हरला तरी नेमकं काय चुकलं यावर पुढचा तासभर बोलता येतं.

बारीकसारीक नियम काही आहेत. नवीन आलेल्याची परीक्षा घ्यायची नाही. त्याने फक्त चित्रपट पाहिले असतील तर चित्रपटांवर बोलावं, अंक आपण दाखवावेत. नटाच्या दिसण्यावरून, जातीवरून, बाईमाणूस म्हणून कुणी घसरला तर त्याचा चहा थांबतो, हे मालकांनाही सांगून ठेवलंय. नवीन चित्रपटाचा शेवट पुढच्या रविवारपर्यंत फोडायचा नाही. अंक प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचे आणि टेबल पुसून झाल्यावरच बाहेर काढायचे. क्रीमरोल खाणाऱ्याने पान उलटायचं नाही, शेजाऱ्याला सांगायचं.